सासरे, सौना आणि सात डबडी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. हवी तर शपथ घेतो. सगळा प्रकार मी समोरच्या इमारतीतल्या माझ्या बाल्कनीतून, या दोन डोळ्यांनी पाहिला. आता माझ्या बाल्कनीतून फक्त सायकलींची शेड आणि कचऱ्याचे चार डबे दिसतात, हे कबूल. शिवाय त्या शनिवारी मी गावातच नव्हतो, बहिणीकडे हेलसिंकीला गेलो होतो. पण त्याने काय बिघडतं? गोष्ट मला आन्सीने सांगितली, मग त्याच्या बायकोने सांगितली, मग त्याच्या सासऱ्यांनी एका शब्दात सांगितली (तो शब्द छापण्यासारखा नाही), आणि तिघांचा जिथे मेळ बसेना तिथे मी थोडं पदरचं घातलं. याहून खरी गोष्ट तुम्हाला ताम्पेरे शहरात मिळायची नाही.

तर आन्सी. वय चव्वेचाळीस. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळतो. म्हणजे जी वस्तू कुणालाच दिसत नाही ती नेमकी कुठे आहे हे ठाऊक असणं, हाच त्याच्या पोटापाण्याचा धंदा. आणि या धंद्याचं शिक्षण त्याला विद्यापीठाने नाही, त्याच्या आईने दिलं.

आन्सी नऊ वर्षांचा असताना त्याच्या मामाने स्टॉकहोमच्या बोटीवरून, कोटाच्या आत दडवून, एक करड्या रंगाचं यंत्र आणलं. टीव्हीला जोडायचं, कॅसेट खुपसायची, चालू नाही झालं तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची, आणि चौकोनी ठिपक्यांची माणसं पडद्यावर आइस हॉकी खेळू लागायची. बाहेर अंगणात खराखुरा बर्फ, खरीखुरी स्टिक, खरेखुरे मित्र हाका मारतायत, आणि हा पोरगा पडदे ओढून आत ठिपक्यांची हॉकी खेळत बसलेला. त्याची आई सिर्पाबाई शाळेत शिवणकाम शिकवायच्या. शिस्तीच्या बाई. त्यांनी नियम केला : रोज अर्धा तास. अर्धा तास झाला की त्या ओरडत नसत, रागवत नसत. सरळ भिंतीतून अडॅप्टर उपटायच्या आणि लपवायच्या.

पिठाच्या डब्यात. वडिलांच्या शिकारीच्या कोटात. फ्रीजरमध्ये, ब्लूबेरीच्या पिशव्यांखाली. आन्सीला शोधायला सरासरी अकरा मिनिटं लागायची. (शाळेतून आल्यापासून आई कामावरून येईपर्यंत दीड तास मिळायचा. उरलेली सत्त्याहत्तर मिनिटं हॉकी, आणि शेवटची दोन मिनिटं टीव्हीच्या पाठीवर ओला रुमाल, तो गार लागावा म्हणून.) एकदा मात्र सिर्पाबाईंनी अडॅप्टर इतका पक्का लपवला की त्या स्वतःच विसरल्या. सबंध हिवाळा गेला. आन्सी सुकला. अभ्यासात मार्क वाढले, इतकी वाईट अवस्था. शेवटी वसंतात पियानो लावणारा माणूस आला, पियानोचं पोट उघडलं आणि म्हणाला, "बाई, तुमचा खालचा सूर खरखरतोय कारण आत कुणीतरी वायर घातलीय."

त्या दिवशी आन्सी एक मोठी गोष्ट शिकला. वस्तू लपवायची तर दूर लपवू नये. समोरचा माणूस ज्याच्यावरून रोज हात फिरवतो, पण ज्याच्या आत कधी बघत नाही, अशा जागी लपवावी.

पुढे तो वाढत गेला आणि यंत्रंही वाढत गेली. पंधराव्या वर्षी चर्चचं दीक्षेचं शिबिर पार पडलं तेव्हा नातेवाइकांनी पैशांची पाकिटं दिली. मावशीला वाटलं पोरगा चांदीचे चमचे घेईल, पोराने दुसरं यंत्र घेतलं, काळं. धर्मगुरूंनी कौतुकाने विचारलं, "काय घेतलंस बाळ?" तर म्हणाला, "संयम शिकवणारं काहीतरी." लष्करी सेवेत गेला तेव्हा हातात मावणारं तिसरं यंत्र विषारी वायूच्या मुखवट्याच्या पिशवीत घेऊन गेला. तपासणीत सार्जंटने पकडलं. जप्त झालं. सेवा संपल्यावर सार्जंटने ते इमानदारीत परत केलं. फक्त उच्चांकांच्या यादीत पहिली दहा नावं सार्जंटची होती. आन्सीला ती आजतागायत पुसता आलेली नाहीत.

बाकीची चार कशी आली ते सांगत बसत नाही. लोक आपलं गेलेलं वय फोटोंच्या अल्बममध्ये बघतात, आन्सी वायरींच्या गुंत्यात बघायचा. कुठली वायर कुठल्या वर्षाची, कुठल्या पोरीने नकार दिला तेव्हा कुठला गेम चालू होता, सगळं त्याला पाठ.

मग एका पोरीने होकार दिला. रीक्का. आरोग्य केंद्रात नर्स, बोलणं मोजकं, हात कामसू. तिच्याकडे आजीचा हातमाग होता. लाकडी, दोन माणसांना उचलावा लागेल असा, अर्धी खोली खाणारा. संध्याकाळी ती मागावर जुन्या चादरींच्या पट्ट्यांचे गालिचे विणायची, धाड-धाड, धाड-धाड, आणि हा शेजारी बसून हॉकी खेळायचा. संसार सुखाचा चालला होता.

चार वर्षांपूर्वी त्यांनी साडेअठ्ठावन्न चौरस मीटरचा फ्लॅट घेतला. सामान आत गेलं आणि माणसं दारात राहिली. तेव्हा रीक्का म्हणाली, "हे बघ, भांडायचं नाही. तुझी सात डबडी जातात, माझा माग जातो. दोघांनी एकाच दिवशी. म्हणजे कुणी कुणाला बोलायला नको."

आन्सीने मान डोलावली. शनिवारी तिने माग चर्चमागच्या हस्तकला शाळेला दिला. आन्सी सात यंत्रं गाडीत घालून पुनर्वापर केंद्रात गेला, तिथल्या पार्किंगमध्ये तीन चकरा मारल्या, चौथ्या चकरेत कॉफी प्यायला, आणि जसा गेला तसा परत आला.

आता ठेवायची कुठे? तर सौनात.

आमच्या दोन्ही इमारतींत प्रत्येक फ्लॅटला न्हाणीघराला लागून एक चिमुकला सौना आहे, म्हणजे घाम काढायची लाकडी खोली, दोन बाकडी आणि कोपऱ्यात दगड रचलेली विजेची शेगडी. आणि प्रत्येक घरात, अगदी माझ्याही, त्या सौनात स्की, सूटकेसा, नाताळचं झाड किंवा नको असलेलं लग्नातलं काहीतरी ठेवलेलं असतं. रीक्का दर शनिवारी सरोवराकाठच्या सार्वजनिक सौनात जाते, बर्फाला पाडलेल्या भोकात डुबकी मारते आणि टवटवीत होऊन येते. घरच्या सौनात ती फक्त कपडे वाळत घालते. रोज. खालच्या बाकड्याची पुढची फळी निघते आणि तिच्यामागे चांगली ऐसपैस पोकळी आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. आन्सीने एकेक यंत्र मऊ टॉवेलात गुंडाळून त्या पोकळीत सरकवलं, फळी बसवली आणि पियानो लावणाऱ्या त्या माणसाचे मनोमन आभार मानले. रीक्का कामावर गेली की तो कधी हे तर कधी ते बाहेर काढायचा, तासभर खेळायचा आणि टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून बघायचा. (ती सवय मात्र गेली नव्हती. टीव्ही आता पातळ झाला होता आणि मुळीच तापत नव्हता, तरीही.)

चार वर्षं हे सुरळीत चाललं. मग फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी कॉफी पिता पिता रीक्का म्हणाली, "बाबा उद्या येतायत."

"येऊ देत की."

"त्यांच्या सौनाच्या धुराड्याला भेग पडलीय. साफ करणाऱ्याने कागद चिकटवलाय, दुरुस्ती होईपर्यंत पेटवायचा नाही. तीन शनिवार बिनसौनाचे गेले त्यांचे. चिडचिड करतायत. म्हटलं, आमच्याकडे या, तापवू."

आन्सीच्या घशात वेलचीच्या पावाचा तुकडा अडकला. रीक्काने सरावाने पाठीत दोन गुद्दे घातले.

"आपला सौना," तो खोकत म्हणाला, "म्हणजे, त्यात कपडे आहेत."

"काढीन."

"शेगडी बिघडलीय बहुतेक."

"सप्टेंबरात तपासणीवाला येऊन गेला. उत्तम आहे म्हणाला."

आन्सीने घाईने फोनवर विजेचे तासातासाचे भाव उघडले. "हे बघ, उद्या चारला वीज किती महाग आहे बघ! पहाटे तीनला स्वस्त आहे."

"आन्सी," रीक्का कप खाली ठेवून म्हणाली, "माझे बाबा ऐंशी किलोमीटर गाडी हाकत सौनाला येतायत, आणि तू त्यांना पहाटे तीनला बोलावणार?"

इथे आन्सीची पंचाईत तुम्ही ध्यानात घ्या. आमच्याकडे जावयाने सासऱ्यांना जेवायला नाही घातलं तरी चालतं, नाव विसरला तरी चालतं, पण सौना नाकारला तर ती बातमी तीन तालुक्यांत जाते. तेव्हा सौना तापणार, हे नक्की. यंत्रं आत राहिली तर पस्तीस वर्षांचं बालपण वितळणार. आणि रीक्कासमोर बाहेर काढली तर चार वर्षांपूर्वी दिलेला शब्द वितळणार.

पण आन्सी घाबरला नाही. रीक्का शनिवारी दहाला डुबकी मारायला जाते, बाराला येते. दोन तासांत सात डबडी तळघरात हलवणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

शनिवारी सकाळी साडेनऊला घंटी वाजली. दारात यालमारी. आन्सीचे सासरे, वय पंचाहत्तर, कागदगिरणीतून निवृत्त, एके काळी गिरणीच्या हॉकी संघाचे गोलरक्षक, त्यामुळे दारात उभे राहिले की दार दिसत नाही. एका हातात सौनात अंगावर झोडपून घ्यायची, फ्रीजरमधून काढलेली बर्चच्या डहाळ्यांची जुडी, दुसऱ्या हातात स्वतःचं लाकडी ओगराळं.

"बाबा, सौना चारला आहे," आन्सी म्हणाला.

"रस्त्यावर बर्फ आहे. म्हणून जरा लवकर निघालो."

"आत्ता साडेनऊ वाजलेत."

"गाडी चांगली चालली," यालमारी म्हणाले, आणि पॅसेजमध्ये न्हाणीघराच्या दारासमोर खुर्ची ओढून वर्तमानपत्र उघडून बसले. रीक्का डुबकीला गेली नाही. बाबा आलेत म्हणून. सासरे खुर्चीवरून उठले नाहीत. आन्सी दर वीस मिनिटांनी न्हाणीघरात हात धुवायला जायचा आणि आत पाऊल टाकतो न टाकतो तोच पाठीमागून आवाज यायचा, "काय जावईबापू, पोट बरं नाही का?" अकराव्यांदा हात धुऊन तो बाहेर आला तेव्हा सासऱ्यांनी त्याच्यासाठी लिंबाचं सरबत करायला सांगितलं होतं.

अडीच वाजता यालमारी उठले, सौनात गेले, कपड्यांचं स्टँड एका हाताने उचलून बाहेर ठेवलं आणि शेगडीचा खटका फिरवला.

"चारला ना?" आन्सी कळवळून म्हणाला.

"तापायला वेळ लागतो. नवीन शेगड्या मेल्या आळशी असतात."

साडेतीनला दोघे आत. रीक्का स्वयंपाकघरात सॉसेज भाजतेय. यालमारी वरच्या बाकड्यावर भिंतीला टेकून, डोळे मिटून. आन्सी खालच्या बाकड्यावर, कुल्ल्यांखाली सात यंत्रं. तो शाळेतलं भौतिकशास्त्र आठवत होता. उष्णता वर जाते. वर नव्वद अंश असले तरी तळाला चाळीसच असणार. चाळीस म्हणजे काही नाही, स्पेनमध्ये लोक सुटी घालवायला जातात चाळीसमध्ये.

यालमारींनी ओगराळंभर पाणी दगडांवर टाकलं. फस्स झालं, वाफेचा लोट उठला, आणि त्या वाफेत आन्सीला एक वास आला. बर्चचा नाही, डांबराच्या साबणाचा नाही. गरम प्लास्टिकचा.

शेगडीला लागून असलेलं टोकाचं यंत्र!

भौतिकशास्त्र संपलं. आन्सीने पायांमागे हात घालून हळूच फळी सैल केली. पहिलं हाताला लागलं ते करडं. टॉवेलासकट पोटाशी धरलं. "जरा गार होऊन येतो, बाबा," असं पुटपुटला आणि बाहेर पडला. न्हाणीघरात बाथरोब चढवला, यंत्र त्याच्या आत, आणि पॅसेज, स्वयंपाकघराचं दार, बैठकीची खोली ओलांडून थेट बाल्कनीत. बाहेर उणे सतरा. बाल्कनीच्या कोपऱ्यात साचलेल्या भुसभुशीत बर्फात त्याने पस्तीस वर्षांचा सखा अलगद ठेवला आणि मागे वळला.

सौनातून मधूनमधून बाहेर जाऊन गार होणं, हे आमच्याकडे श्वास घेण्याइतकं साधं आहे. बाथरोबातल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. आन्सीचा सगळा भरवसा याच गोष्टीवर. पण त्यालाही काही प्रमाण असतं.

"आलास?" यालमारी डोळे न उघडता म्हणाले. "बूड टेकलं नव्हतं अजून."

फस्स. तीन मिनिटं. दुसरं यंत्र.

"पुन्हा?"

"जरा डोकं गरगरतंय, बाबा."

या फेरीला स्वयंपाकघराच्या दारात रीक्का चिमटा घेऊन उभी. "आन्सी, तुझ्या मागे काहीतरी लोंबतंय."

"बाथरोबचा पट्टा."

"पट्टा पांढरा आहे. हे काळं आहे."

"भिजलाय," आन्सी म्हणाला आणि कंट्रोलरची वायर बोटांनी वर ओढत निसटला.

तिसरी फेरी. चौथी. समोरच्या बाल्कनीत एक म्हातारी गालिचा झटकत होती. बाथरोबातला एक लालबुंद माणूस दर तीन मिनिटांनी येऊन बर्फात टॉवेलाचं गाठोडं निजवतो आणि त्यावर थोडा बर्फ लोटतो, हे तिने दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा तिने सभ्यपणे पाठ फिरवली आणि गालिचा दुसऱ्या बाजूने झटकायला सुरुवात केली. (ही म्हातारी मला फार आवडते. आमचं सगळं शहर असंच आहे.)

आत यालमारींची सहनशक्ती संपत आली होती. "जावईबापू, मी सत्तर वर्षं सौनात बसतोय. असल्या खोलीत पूर्वी बायका बाळंत व्हायच्या. त्यासुद्धा एवढ्या वेळा बाहेर जात नव्हत्या."

"शेवटचंच, बाबा."

"हे तू मघाशी दोनदा म्हणालास."

सातवं यंत्र सगळ्यांत थोरलं आणि शेगडीला चिकटलेलं. आन्सीने ते पोटाशी धरलं तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो यालमारींनी गोलरक्षक असताना एकदाच ऐकला होता, खेळातल्या चकतीऐवजी माणूस येऊन आदळला तेव्हा. आन्सीच्या पोटावर त्या यंत्राच्या हवेच्या जाळीचा ठसा अजून आहे, अकरा उभ्या रेघा. मी पाहिलाय. (चार होत्या. पण लांब होत्या.)

तो बाहेर पळाला आणि यालमारींनी ओगराळ्याने भिंतीवर ठोकलं. "रीक्का! तुझा नवरा सातव्यांदा पळाला. पोट धरून ओरडत होता. याचं हृदय बघ!"

रीक्का नर्स. तिने चिमटा टाकला, कपाटातून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि बाल्कनीचं दार उघडलं.

आन्सी अनवाणी बर्फात वाकलेला. त्याच्यासमोर सात गाठोडी ओळीने मांडलेली. प्रत्येकातून वाफ निघत होती, भट्टीतून आत्ताच काढलेल्या पावांसारखी. एकाचा टॉवेल सरकला होता आणि आतून करडा कोपरा दिसत होता.

 रीक्काने आन्सीचा हात ओढला, दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि आकडा वाचला. "एकशे अठ्ठ्याहत्तर. मरणार नाहीस. आता बोल."

"गार करायला ठेवलीत."

"हे माझे लग्नातले टॉवेल आहेत. गेले कुठे म्हणून मी तुझ्या आईवर संशय घेतला होता."

"रीक्का, मी देणारच होतो. पार्किंगमध्ये तीन चकरा मारल्या. चार."

"मी माग दिला, आन्सी."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला फार बरं वाटलं असतं.

"आजीचा माग. दोन माणसं उचलून घेऊन गेली आणि मी रिकाम्या भिंतीकडे बघत बसले. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. तू परत आलास तेव्हा मीच तुला विचारलं होतं, जड गेलं का रे? काय म्हणाला होतास तू?"

आन्सीच्या पायांची बोटं निळी पडली होती, पण ती उचलायचं त्याला सुचलं नाही. "तुझ्याइतकं नाही, म्हणालो होतो," तो म्हणाला.

"मी त्या रात्री तुला पांघरूण घातलं. म्हटलं, बिचारा, दाखवत नाही."

  तेवढ्यात दार सरकलं आणि कमरेला टॉवेल गुंडाळलेले यालमारी, उकडलेल्या खेकड्याच्या रंगाचे, गार व्हायला बाहेर आले. त्यांनी मुलीकडे पाहिलं. जावयाकडे पाहिलं. मग गाठोड्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"यात हॉकी आहे?" त्यांनी विचारलं.

"करड्यात आहे," आन्सी म्हणाला.

रीक्काने एक खोल श्वास घेतला. तिच्या मनात काय आलं ते तिने मला सांगितलंय, पण छापू नका म्हणाली. मोठ्याने ती म्हणाली, "ठीक आहे. सामना. तू आणि मी. मी जिंकले तर माझा माग परत येतो, आणि जागा तू करून द्यायचीस. तुझं एक डबडं राहतं, सहा जातात, आणि या खेपेला मी स्वतः पोचवून येते. तू जिंकलास तर सातही राहतात आणि मी जन्मात हा विषय काढणार नाही."

आता आन्सीचा खरा अपराध ऐका. खोटं बोलला, ते एक वेळ सोडा. पण या क्षणी त्याला आनंद झाला. पस्तीस वर्षं तो हा खेळ खेळत होता. ठिपक्याच्या कुठल्या माणसाचा डावा पाय अधू आहे हे त्याला ठाऊक होतं. आणि रीक्काने आयुष्यात कंट्रोलर हातात धरलेला नव्हता. त्याला तिची जरा कीवसुद्धा आली. जराशीच.

भट्टीतून बर्फात गेलेलं यंत्र लगेच चालू करता येत नाही, आत ओल धरते. तेव्हा ते बैठकीच्या खोलीत टेबलावर उघडं ठेवलं आणि तिघं त्याच्याभोवती दोन तास कॉफी पीत बसली. सॉसेज खाल्ले.  यालमारी एकदा म्हणाले, "मोहरीचा सॉस आहे का?" तेवढंच.

मग आन्सीने कॅसेट काढली, डोळे मिटून फुंकर मारली, खुपसली आणि खटका दाबला. काही नाही. पुन्हा फुंकर. काही नाही.  तिसऱ्या फुंकरीला लाल दिवा लुकलुकला, आणि ते केविलवाणं, पिपाणीसारखं संगीत सुरू झालं. आन्सीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाफेने, म्हणतो तो.

"याने पळायचं, याने फटका मारायचा," त्याने उदारपणे समजावलं.

रीक्काने कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला. "पायाने काही करायचं नाही?"

"नाही."

"बस? दोनच हात?"

या प्रश्नाने आन्सीने सावध व्हायला हवं होतं. जी बाई वीस वर्षं दोन पायांनी पावड्या दाबत, दोन हातांनी धोटा फेकत आणि डोळ्यांनी चारशे दोरे सांभाळत होती, तिच्या हातात तुम्ही दोन बटणं दिलीत. पहिलं मिनिट ती चाचपडली. दुसऱ्या मिनिटाला तिला ताल सापडला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, धाड. डावीकडे, उजवीकडे, धाड. खोलीत माग चालू असल्यासारखं वाटत होतं.

"गोल," टॉवेलातले पंच यालमारी म्हणाले.

"माझं बटण घामाने घसरतंय," आन्सी म्हणाला.

"गोल."

"बाबा, तुम्ही पडद्यासमोर आलात!"

"मी सोफ्यावर आहे. गोल."

दहा-शून्य. शेवटची चार सेकंदं उरली होती. आन्सीने मैदानाच्या अर्ध्यातून, अधू पायाच्या त्या माणसाकडून, डोळे मिटून फटका हाणला. आणि तो गेला! आन्सीने सोफ्यावरून उडी मारली, सासऱ्यांना कडकडून मिठी मारली, यालमारींचा टॉवेल सुटला, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण रीक्का चक्क हसत होती. दोन-अडीच तासांत पहिल्यांदा.

माग पुढच्या शनिवारी परत आला. हस्तकला शाळेला तो नकोच झाला होता. त्याला जागा करण्यासाठी आन्सीने सोफा विकला; आता टीव्ही बघायचा तर मागाच्या फळीवर, रीक्काच्या शेजारी, तिला लागेल तेवढी जागा सोडून बसावं लागतं. बाकीची सहा यंत्रं यालमारींनी गाडीच्या डिकीत घातली. "माझ्याकडे खोल्या रिकाम्या आहेत," म्हणाले. धुराडं दुरुस्त झालंय. आन्सी हल्ली आपणहून दर रविवारी सासुरवाडीला जातो. आधी सौना, एकदाही बाहेर न जाता पंचवीस मिनिटं, अशी सासऱ्यांची अट आहे, मग खेळ.

आता सुरुवातीला शपथ घेतली आहे, तेव्हा एक कबुली देणं भाग आहे. यात एक जागा माझ्या पदरची आहे. तो गोल. आन्सीला त्या सामन्यात एकही गोल करता आला नाही. सामना अकरा-शून्य सुटला. दहा रीक्काने केले आणि अकरावा, शेवटच्या चार सेकंदांत, आन्सीने स्वतःच्याच जाळ्यात मारला. रीक्का हसली ती तेव्हा, आणि मिठी कुणीही कुणाला मारली नाही. पण मी हे लिहितोय असं कळल्यावर आन्सी माझ्याकडे अर्धा किलो कॉफी घेऊन आला आणि म्हणाला, "तू तसाही थापाच मारणार. मग माझे तीन तरी गोल घाल."

मी म्हटलं, "एक. वाचणाऱ्यांचा विश्वास बसायला हवा."